'४जी+' म्हणजे वाढलेली रेंज नव्हे

फोनच्या कोपऱ्यात '४जी+' उमटलं की रेंज वाढली, असं वर्षानुवर्षं सांगितलं जातं. तसं काही नसतं. रेंजच्या दांड्या असतात तेवढ्याच राहतात, रुंदावते ती वाट. एलटीईचा, म्हणजे ४जीच्या तंत्राचा, एक कॅरियर (डेटा वाहून नेणारा लहरींचा पट्टा) जास्तीत जास्त २० मेगाहर्ट्झ रुंदीचा. '४जी+' म्हणजे कॅरियर ॲग्रिगेशन, कॅरियरची जोडणी. त्यात फोन एकाच वेळी दोन-तीन कॅरियरवरून डेटा उतरवतो, मग ते वेगळ्या बँडचे, म्हणजे वेगळ्या फ्रिक्वेन्सीच्या गटातले, का असेनात. १८०० मेगाहर्ट्झच्या बँडमधले २० आणि २१०० मधले १० मिळून ३० मेगाहर्ट्झ. साध्या ४जीतले १५० एमबीपीएस होतात २२५. कागदावर, बरं का! संध्याकाळी अख्खी सोसायटी मॅच बघत असली की दोन्ही वाटा तुंबतात. आणि फोनच्या मोडेमलाच हे जमत नसेल, तर टॉवरवर कितीही कॅरियर असोत, वाट्याला एकच.