मंद वाऱ्याने पाडलेला मनोरा

सिंहगडावर पिठलं-भाकरी खाऊन झाली की दूरदर्शनच्या मनोऱ्याकडे बघत कुणीतरी म्हणतंच, "वादळात पडला म्हणजे?" उंच वस्तू पडायची ती वादळातच, ही आपली पक्की समजूत. इंग्लंडमधल्या एम्ली मूरच्या मनोऱ्याने ती खोटी पाडली.

ब्रिटनमध्ये आयटीव्हीच्या, म्हणजे जाहिरातींवर चालणाऱ्या खासगी वाहिनीच्या, प्रसारणाचा मक्ता विभागवार दिला जाई. आठवड्याच्या कामाच्या दिवशी उत्तर इंग्लंड मँचेस्टरच्या ग्रॅनडा कंपनीकडे असे. फेरवाटपात पेनाइन डोंगररांगेच्या पूर्वेचा मुलूख वेगळा निघाला आणि 29 जुलै 1968 रोजी लीड्सहून यॉर्कशायर टेलिव्हिजन सुरू झालं. मक्ता कागदावर मिळतो, पण त्याची हद्द आखतो मनोरा. टीव्हीच्या लहरी जवळजवळ सरळ रेषेत जातात आणि पृथ्वी पडली गोल. मनोऱ्याच्या उंचीचं मीटरमधलं वर्गमूळ काढून 3.57 ने गुणलं की क्षितिज किती किलोमीटरवर ते कळतं. यॉर्कशायर टेलिव्हिजन जिथून दिसे तो एम्ली मूरचा मनोरा सुमारे 385 मीटरचा, म्हणजे 70 किलोमीटर. तो उभा होता त्या माळाची उंची धरली तर आणखी जास्त.

19 मार्च 1969 च्या संध्याकाळी पाचच्या सुमारास हा मनोरा कोसळला. कंपनीला आठ महिनेही झाले नव्हते. त्याला उभा धरणारा एक तणावा, म्हणजे ताणलेला पोलादी दोर, जवळच्या चॅपेलचं (लहान चर्चचं) छप्पर कापत गेला, पण कुणालाही इजा झाली नाही. याला चमत्कार म्हणायचं तर मनोरा पडला तोही त्याच खात्यात मांडावा लागेल!

चौकशीत दोन कारणं पुढे आली: एक बर्फ आणि दुसरं मंद, एकसारखा वारा. माझा जीव या दुसऱ्यात अडकलाय. ओढ्यात काठी उभी धरा. काठीमागे भोवरे सुटतात. एक डावीकडून, मग एक उजवीकडून. प्रत्येक भोवरा सुटताना काठीला आडवा हिसका बसतो. हवेतही तेच घडतं. हिसक्यांची वारंवारता साधारण 0.2 गुणिले वाऱ्याचा वेग, भागिले व्यास. मनोऱ्याची पोलादी नळी पावणेतीन मीटर व्यासाची. वारा सेकंदाला 5 मीटर धरला तर दर पावणेतीन सेकंदांनी डाव्या-उजव्या हिसक्यांची एक जोडी. मनोऱ्याच्या स्वतःच्या हेलकाव्यांपैकी एखादा याच तालाचा निघाला, की झोक्याला वेळेवर धक्के दिल्यासारखं होतं. वादळात वाऱ्याचा वेग सतत बदलतो, ताल जमत नाही. त्यात मनोऱ्यावर आणि तणाव्यांवर बर्फ असमान साचलेला, म्हणजे पोलादावर आधीच ताण. दोन्ही भार एकत्र आले तर काय, याचा विचार रचनेत नीट झालाच नव्हता. खटला हाऊस ऑफ लॉर्ड्सपर्यंत, म्हणजे तेव्हाच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत, गेला आणि 1980 साली रचनेतला निष्काळजीपणा मान्य झाला.

म्हणूनच काही कारखान्यांच्या लोखंडी धुराड्यांना वरच्या बाजूला पट्टी मळसूत्रासारखी गुंडाळलेली दिसते. ती नक्षी नव्हे. भोवऱ्यांची शिस्त मोडायची ती युक्ती.

एम्ली मूरला तात्पुरत्या मनोऱ्यावरून चार दिवसांत आयटीव्ही बऱ्याच घरांत पुन्हा दिसू लागलं. पुढे तिथे 330 मीटरचा काँक्रीटचा मनोरा बांधला. खाली रुंद, वर निमुळता. व्यास बदलत गेला की भोवरे एका तालात सुटत नाहीत. आणि तणावेच नाहीत, तर त्यांच्यावर बर्फ कुठून साचणार?

लिंकनशायरमधला बेलमाँटचा मनोरा मात्र पडलेल्याच घडणीचा होता. हेलकावे जिरवायला त्याच्या पोटात जड साखळ्या टांगल्या. 1974 साली तो अँग्लिया या दुसऱ्या आयटीव्ही कंपनीकडून काढून मक्त्यात देण्यात आला, यॉर्कशायर टेलिव्हिजनलाच.