लघु नियामक आरएनए आणि आनुवंशिक बौद्धिक अक्षमता

लघु नियामक आरएनए हे पेशीतील असे आखूड रेणू आहेत, की ज्यांच्यापासून स्वतः प्रथिन तयार होत नाही, परंतु इतर जनुकांपासून किती प्रथिन तयार व्हावे यावर ते नियंत्रण ठेवतात. त्यांतील मायक्रोआरएनए सुमारे २२ न्यूक्लिओटाइड (आरएनएच्या साखळीतील एकेक दुवा) लांबीचे असतात. व्हिक्टर अँब्रोस आणि गॅरी रुवकुन यांनी त्यांचा शोध १९९३ मध्ये एका सूक्ष्म गोलकृमीत लावला आणि त्यासाठी दोघांना २०२४ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

मायक्रोआरएनए एका लांब आरएनएच्या छाटणीतून तयार होतो. ही पहिली छाटणी केंद्रकात ड्रोशा व डीजीसीआर८ ही प्रथिने करतात. पुढे पेशीद्रवात डायसर हे प्रथिन तो आणखी आखूड करते आणि तयार झालेला रेणू आर्गोनॉट प्रथिनाशी जोडला जाऊन ठरावीक संदेशवाहक आरएनएला, म्हणजे जनुकातील प्रथिनाची कृती वाहून नेणाऱ्या रेणूला, थोपवतो. मेंदूत दोन चेतापेशी जेथे एकमेकींना संदेश देतात, त्या सांध्यांवर प्रथिननिर्मिती वेळेवर आणि बेताने होणे शिकण्यासाठी व स्मरणासाठी अत्यावश्यक असल्याने, या साखळीतील बिघाड बौद्धिक विकासाला बाधक ठरू शकतो.

याचे सर्वाधिक अभ्यासलेले उदाहरण फ्रॅजाइल एक्स सिंड्रोम हे होय. यात एक्स गुणसूत्रावरील एफएमआर१ जनुकात सीजीजी या तीन अक्षरांची पुनरावृत्ती २०० हून अधिक वेळा होते, जनुक बंद पडते आणि त्याचे प्रथिन मिळेनासे होते. हे जनुक १९९१ मध्ये ओळखले गेले. त्याचे प्रथिन आर्गोनॉट आणि काही मायक्रोआरएनए यांच्या जोडीने काम करते, असे पुढील संशोधनात दिसले. मात्र आजाराचा किती भाग मायक्रोआरएनएमुळे घडतो, याविषयी ठाम विधान करणे घाईचे ठरेल. याउलट २०११ मध्ये वर्णिलेल्या फाइनगोल्ड सिंड्रोम या जन्मजात विकाराच्या दुसऱ्या प्रकारात मायक्रोआरएनएच्या एका समूहाचे जनुकच गळालेले असते, म्हणून तेथे कार्यकारणसंबंध अधिक थेट आहे. बावीसाव्या गुणसूत्राचा एक लहान भाग गळाल्यावर डीजीसीआर८ चीही एक प्रत जाते. परंतु ही गळती बहुतेक मुलांत नव्यानेच उद्भवलेली असते, ती पालकांकडून आलेली नसते.

महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाचे मुख्यालय असलेल्या नाशिकमध्ये बौद्धिक अक्षम मुलांच्या शिक्षणाची परंपराही जुनी आहे. रजनी लिमये यांनी १९७७ मध्ये तेथे प्रबोधिनी विद्यामंदिर सुरू केले. अशा मुलांच्या कुटुंबांसाठी वंशवेलीची काळजीपूर्वक चौकशी फार मोलाची असते. एफएमआर१ मधील दोष बहुधा आईकडून येत असल्याने मुलाचा मामा किंवा मावसभाऊ यांनाही तसाच त्रास आहे का, हे विचारावे लागते. मामाच्या मुलीशी लग्न झालेल्या घरांत अप्रभावी जनुकांच्या (आई व वडील दोघांकडून सदोष प्रत आली तरच परिणाम दाखवणाऱ्या) जोडीची शक्यता वेगळी तपासावी लागते. आईला यासाठी दोष देणे सर्वस्वी चुकीचे आहे. ५५ ते २०० पुनरावृत्ती असलेली वाहक स्त्री बुद्धीने सहसा सामान्य असते आणि तिच्या अपत्यात ही संख्या वाढणे कोणाच्याही हातात नसते. मायक्रोआरएनए मोजून बौद्धिक अक्षमतेचे निदान करणारी चाचणी नेहमीच्या वैद्यकीय वापरात नाही. फ्रॅजाइल एक्सचे निदान रक्तातील डीएनएमधून एफएमआर१ ची पुनरावृत्ती मोजूनच होते.