अठरावी पायरी

भोसरीच्या एका शेडमध्ये पोटमाळ्यावरच्या ऑफिसात जायला लोखंडी जिना आहे. त्याच्या शेवटच्या पायरीपाशी, रेलिंगला, लिंबू-मिरची बांधलेली दिसली. दाराला बांधतात, टेम्पोला बांधतात, पण जिन्याच्या टोकाला? वॉचमनकाका म्हणाले, "साहेब, इथं माणूस ठेचकाळतोच. चहावाल्या पोराची किटली दोनदा सांडली. जागा बरोबर नाही." मालकांचं निदान वेगळं होतं. पायरीची चेकर्ड प्लेट, म्हणजे उठावदार नक्षीचा पत्रा, गुळगुळीत झाली आहे, ती बदला आणि रेलिंगचा पाइप जाड करा.

मी टेप काढला. खालची पहिली पायरी १२५ मिमी उंच. मधल्या सोळा, एकूण एक, १७५. आणि शेवटची, म्हणजे वरच्या टाइलवर पाय ठेवायची, २२५. काकांचं बरोबर होतं. जागा खरंच बरोबर नव्हती, ५० मिमीनं.

पुण्यात बसून परदेशातल्या इमारतींच्या लोखंडी जिन्यांची, शिड्यांची, प्लॅटफॉर्मची ड्रॉइंगं करणारी बरीच ऑफिसं आहेत. माझी वीस वर्षं त्यातच गेली. घरी आलेला पाहुणा एकच विचारतो: "किती वजन घेतो हो असा जिना?" वजनाची चिंता फारशी करू नका. जिना मोडून पडल्याचं क्वचित ऐकू येतं, धडधाकट जिन्यावरून माणूस पडल्याचं मात्र घरोघरी. आणि दोष जातो चपलेला, मोबाइलला, नाहीतर ग्रहांना.

खरी गंमत पायांत आहे. जिना चढताना आपण पहिल्या दोन-तीन पायऱ्या डोळ्यांनी मोजतो. मग डोळे मोकळे होतात आणि पाय पाठ केल्यासारखे चालतात. पुढची पायरी आधीसारखीच असणार असं शरीर धरून चालतं आणि पाय जेमतेम लागेल तेवढाच उचलतं. चप्पल आणि पायरीची कड यांत दोन-चार सेंटिमीटरच उरतात. कंजूषपणाच हा, पण त्यामुळेच दम कमी लागतो. आता त्यात एकच पायरी पाच सेंटिमीटर उंच आली की चवडा आपटलाच.

उतरताना प्रकरण आणखी वाईट. पाय टेकायच्या आधीच पोटरीचे स्नायू आवळून तयार असतात, कारण जमीन कधी लागणार हे त्यांना 'माहीत' असतं. ती ५० मिमी खाली असेल तर? सुटलेल्या वस्तूला तेवढं अंतर पडायला सेकंदाचा दहावा भाग लागतो. विचार करून पाय सावरायला साधारण त्याच्या दीडपट-दुप्पट वेळ हवा. म्हणजे मेंदूला बातमी कळते तेव्हा गडी पडायला लागलेला असतो.

न्यूयॉर्कमध्ये, ब्रुकलिनच्या ३६व्या रस्त्यावरच्या भुयारी स्टेशनात, एक पायरी बाकीच्यांपेक्षा इंचाच्या थोड्याशा भागानं उंच होती. २०१२ मध्ये एकानं तिथं कॅमेरा लावला, तर एकामागून एक माणसं नेमकी त्याच पायरीला अडखळताना दिसली. पुढे तो जिना दुरुस्तीला घेतला. उलट आपली पर्वती पाहा. रुंद, ठेंगण्या दगडी पायऱ्या, पाऊल कधी दीड तर कधी दोन पडतं. पण तिथं शरीर विश्वासच टाकत नाही, डोळे खालीच असतात. सगळा जिना वेडावाकडा असेल तर माणूस जपून चालतो. सतरा पायऱ्या शहाण्या आणि एक खोडकर, हे मिश्रण वाईट.

मग पायरीचं माप ठरतं कसं? सतराव्या शतकात फ्रान्सच्या ब्लाँदेल नावाच्या वास्तुशास्त्रज्ञानं एक सोपा हिशेब मांडला. सपाट चालताना माणसाचं पाऊल तिथल्या जुन्या मापानं २४ इंच, म्हणजे सुमारे ६५ सेंटिमीटर. वर चढण्याचे कष्ट पुढे जाण्याच्या दुप्पट. म्हणून पायरीच्या उंचीची दुप्पट अधिक तिची रुंदी, म्हणजे पाऊल टेकायची पुढे-मागे जागा, बेरीज तेवढीच ठेवा. आज आपण ती ६०० ते ६४० मिमीच्या आसपास ठेवतो. भोसरीच्या शेडमधला जिना: १७५ दुणे ३५०, अधिक रुंदी २८०, झाले ६३०. चोख. मला या सूत्राचं खरं वेड एवढ्याचसाठी आहे की ते टोकांनाही टिकतं. उंची शून्य करा, ६३० उरतात, म्हणजे सपाट रस्त्यावरचं पाऊल. रुंदी शून्य करा, उंची ३१५ येते, म्हणजे उभी शिडी. आणि लोखंडी शिडीचे दांडे जगभर ३०० मिमीच्या आसपासच असतात. रस्ता, जिना, शिडी एकाच दोरीत ओवलेले!

आता थोडं किचकट. जिन्याच्या दोन्ही बाजूंचे तिरके चॅनेल म्हणजे स्ट्रिंगर. ते फॅब्रिकेशनच्या शेडमध्ये आडवे टाकून त्यांवर प्रत्येक पायरीची खूण पंचानं मारतात. १७५ वर आणि २८० पुढे, म्हणून पायथागोरसप्रमाणे तिरक्या रेषेवर दोन खुणांतलं अंतर ३३०.१९ मिमी. ड्रॉइंगवाल्यानं नुसतं ३३० लिहिलं तर सतरा पायऱ्यांमधल्या (अठरावी म्हणजे वरची फरशीच) सोळा अंतरांत ३ मिमी, म्हणजे एक सूत, गायब होतं. शिवाय कारागिरानं प्रत्येक खूण मागच्या खुणेपासून मोजली आणि दर वेळी एक मिमी चुकला, तर सगळ्या चुका एका दिशेच्या असल्यास १६ मिमी साठतात. कधी पुढे कधी मागे असल्या तर वर्गमुळाच्या हिशेबानं (सोळाचं वर्गमूळ चार) चारेक मिमी. ही साठवण कुठे बाहेर पडते? वरच्या लँडिंगशी, कारण ते हलत नाही. म्हणून सगळी मापं मागच्या खुणेपासून नव्हे, एकाच शून्यापासून चालती द्यायची असतात. "चार सुतानं काय होतंय साहेब," असं वेल्डर म्हणतो. अमेरिकी नियमात एका जिन्यातली सर्वांत उंच आणि सर्वांत बुटकी पायरी यांत तीन सुतांहून जास्त फरक चालत नाही.

पण भोसरीत पंच चुकला नव्हता. स्लॅबपासून स्लॅबपर्यंत ३१५० मिमी, भागिले १८, बरोबर १७५. खाली कोबा आणि वर टाइल, दोन्ही ५०-५० मिमी जाडीचे, जिना उभा राहिल्यावर आले. खालची पायरी कोब्यात ५० मिमी बुडाली, वरची टाइलनं ५० मिमी उंचावली. बेरीज अजूनही ३१५०! कागदावर कितीही तपासा, चूक सापडत नाही. ड्रॉइंगवर लेव्हल कच्च्या स्लॅबची आहे की तयार फरशीची, हे एक अक्षर न लिहिल्याचा हा प्रताप.

मालकांना मी हे समजावलं, तर त्यांचा पुढचा प्रश्न, "अठरा समच आहेत ना? वास्तूवाले म्हणाले विषम हव्यात. खाली एक छोटी पायरी जोडू?" एकोणीस हव्यात तर खुशाल करा, ३१५० भागिले १९, प्रत्येकी १६६ च्या आसपास, पण नवा जिना बांधून. खाली दोन इंचांची शुभ पायरी चिकटवणं म्हणजे पाडायची सोय स्वतःच करणं.

असाच भाबडा विश्वास उभ्या शिडीभोवतीच्या गोल पिंजऱ्यावर असतो. तो पडणाऱ्याला झेलत नाही. अमेरिकेत २०१८ पासून २४ फुटांहून उंच नव्या शिडीला नुसता पिंजरा चालत नाही, पट्टा अडकवायची व्यवस्था लागते. प्लॅटफॉर्मच्या कडेची १०० मिमीची टो प्लेट, म्हणजे उभी पट्टी, मात्र स्वस्त आणि गुणी. तिच्याअभावी १० मीटरवरून घरंगळलेला पाना ताशी ५० किलोमीटर वेगानं खालच्याच्या डोक्यावर येतो.

शेवटी कोबा फोडला, बेसप्लेट मोकळी केली, खाली ५० मिमीचं पॅकिंग दिलं, वरचे बोल्ट नव्या भोकांत घेतले. अठराच्या अठरा १७५. सोमवारी काकांचा फोन आला. पाहुणे सरळ वर जात होते, पण चहावाला पोरगा अठराव्या पायरीवर पाय उंच उचलून धाडकन आपटत होता. त्याच्या पायांना अजून जुनीच पायरी पाठ होती.