मंडळीतील नेतृत्व : बायबलमधील आधार

ख्रिस्ती मंडळीत (चर्चमध्ये) पुढारी कोणी व्हावे, त्याची निवड कशी करावी आणि तो चुकला तर काय करावे, यासाठी मुख्यतः १ तीमथ्य ३, तीत १, प्रेषितांची कृत्ये ६ व २० आणि १ पेत्र ५ या अध्यायांचा आधार घेतला जातो. नाशिकच्या मंडळ्यांत हे उतारे मराठीतून वाचले जातात, आणि गैरसमज बहुधा पदांच्या नावांपासूनच सुरू होतो.

ग्रीक ‘एपिस्कोपोस’ म्हणजे वरून नजर ठेवणारा. मराठी बायबलमधील ‘अध्यक्ष’ (अधि + अक्ष) व्युत्पत्तीने त्याला तंतोतंत जुळतो. पण आज तो शब्द कानावर पडला की सभेच्या मधल्या खुर्चीवरचा माणूस डोळ्यांपुढे येतो. ‘प्रेस्बुतेरोस’साठी ‘वडील’ आहे. हा मान वयाचाच असे नाही. प्रेषित पौलाचा तरुण सहकारी तीमथ्य याला तर कोणी तुझ्या तारुण्याला तुच्छ मानू नये असे बजावले आहे (१ तीमथ्य ४:१२). ‘दियाकोनोस’ म्हणजे सेवक, मुळात पंगतीत वाढणारा. नगरसेवकांच्या शहरात या शब्दाला भलतेच वजन आले आहे.

अध्यक्ष आणि वडील ही दोन पदे होती का? प्रेषितांची कृत्ये २०:१७ मध्ये पौल इफिसच्या वडिलांना बोलावतो आणि २८ व्या ओवीत त्यांनाच अध्यक्ष म्हणतो. तीत १:५-७ मध्येही तसेच. बिशप (अध्यक्ष), प्रेसबिटर (वडील), डिकन (सेवक) अशी तीन पायऱ्यांची रचना नंतर पक्की झाली. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपूरला स्थापन झालेल्या चर्च ऑफ नॉर्थ इंडिया या संयुक्त प्रोटेस्टंट मंडळीने ती ठेवली, पण प्रेसबिटेरियन आणि काँग्रिगेशनल मंडळ्याही त्यात सामील झाल्याने वडिलांची सभा आणि मंडळीचे मत यांनाही जागा राहिली. नाशिक हे तिच्या एका धर्मप्रांताचे ठिकाण आहे. कॅथलिक धर्मप्रांत वेगळा. तो १९८७ मध्ये झाला.

१ तीमथ्य ३:१-७ मधील यादी पाहिली, तर कौशल्य म्हणावे असे एकच आढळते : शिकवता येणे. बाकी सारे वागणुकीचे आहे. दारूच्या आहारी नसावा, मारकुटा नसावा, पैशाचा लोभ नसावा, घर नीट चालवणारा असावा, नवशिका नसावा. मंडळीबाहेरच्या लोकांतही त्याचे नाव चांगले हवे, म्हणजे गल्लीतला दुकानदारही साक्षीदार झाला! उमेदवाराची विचारपूस करताना हीच अट बहुधा विसरली जाते. सेवकांची आधी पारख करावी (३:१०), कोणावरही घाईने हात ठेवू नयेत, म्हणजे घाईने पदावर नेमू नये (५:२२).

निवडीची रीत प्रेषितांची कृत्ये ६:१-६ मध्ये सविस्तर येते. रोजच्या वाटपात ग्रीक बोलणाऱ्यांच्या विधवांची आबाळ होते, अशी तक्रार येते. प्रेषित सर्व शिष्यांना एकत्र बोलावतात आणि अटी सांगतात : चांगले नाव, आत्म्याची परिपूर्णता, शहाणपण. सात जण लोक निवडतात. प्रार्थना करून हात ठेवण्याचे काम प्रेषितांचे. सातही नावे ग्रीक आहेत, म्हणजे जबाबदारी बहुधा तक्रार करणाऱ्यांच्याच बाजूला दिली गेली. हा बारकावा सोडून केवळ ‘सात’ हा आकडा उचलणारी समिती मूळ प्रसंगाला न्याय देत नाही.

स्त्रियांविषयी एकमत नाही. १ तीमथ्य २:१२ शिकवण्यास मनाई करते. रोमकरांस १६:१ मध्ये फीबी या स्त्रीसाठी ‘दियाकोनोस’ हाच शब्द आहे. चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्त्रियांना दीक्षा (धर्मसेवेच्या पदावरची नेमणूक) देते, कॅथलिक देत नाहीत.

दीक्षेविना पुढाकार घेण्याचे एक उदाहरण नाशिकशी जोडलेले आहे. येथील मिशनच्या शाळेत शिकलेल्या जेकब वेनराइटने १८७३ मध्ये आफ्रिकेत स्कॉटिश मिशनरी व प्रवासी डेव्हिड लिव्हिंग्स्टनचे हृदय पुरताना अंत्यविधीची प्रार्थना वाचली.

पुढारी चुकला तर? वडिलाविरुद्धची तक्रार दोघा-तिघा साक्षीदारांशिवाय ऐकू नये. पाप करीत राहणाऱ्याला मात्र सर्वांसमोर दोष द्यावा (१ तीमथ्य ५:१९-२०). पहिला नियम कुजबुजीला आवर घालतो, दुसरा झाकपाकीला. प्रत्यक्षात पहिला तेवढा पाळला जातो. पैशाबाबत २ करिंथकरांस ८:१८-२१ चा दाखला कामी येतो. मदतनिधी पोहोचवताना पौल एकटा जात नाही. कोणाला बोट दाखवायला जागा राहू नये म्हणून मंडळ्यांनी नेमलेला भाऊ सोबत घेतो. उपासनेनंतर दानाची थैली दोघांनी मिळून मोजावी, आकडा तिथेच वहीत लिहून दोघांनी सह्या कराव्यात, हा साधा नियम त्याच उताऱ्याला धरून आहे.