कडक, झिजायला चिवट स्टीलच्या सुऱ्यांसाठी धार लावायचे दगड

घरातली नेहमीची सुरी कशावरही धार धरते, कपाच्या बुडाच्या खडबडीत कडेवर चार वेळा घासली तरी टोमॅटो कापते. पण आता ठाणे-नवी मुंबईत बऱ्याच जणांकडे जपानी सुऱ्या दिसतात, एसजी२, हॅप४०, झेडडीपी-१८९ असल्या स्टीलच्या, आणि त्या जुन्या दगडावर घेतल्या की सुरी नुसती गुळगुळीत घसरत राहते, दगड चकाकायला लागतो आणि अर्ध्या तासाने धार होती तिथेच.

इथे एक गोष्ट आधी वेगळी काढायला हवी. कडक असणं आणि झिजायला चिवट असणं ह्या दोन निराळ्या गोष्टी आहेत, आणि दगड घेताना सगळा गोंधळ इथेच होतो. शिरोगामी हे साधं जपानी कार्बन स्टील ६२-६४ रॉकवेलपर्यंत (रॉकवेल म्हणजे स्टीलच्या कडकपणाचं माप) कडक करतात तरी ते पाणी टाकून वापरायच्या साध्या दगडावर पटकन धार घेतं, कारण त्यात कार्बन आणि लोखंड सोडून फारसं काही नसतं. एसजी२ही जवळपास तेवढंच कडक, पण त्यात क्रोमियम, मॉलिब्डेनम, व्हॅनेडियम आहे, त्यांचे कार्बाइडचे, म्हणजे कार्बनशी झालेल्या अतिकडक संयुगांचे, बारीक कण आत पेरलेले असतात, चिक्कीत दाणे असतात तसे. गूळ घासला जातो, दाणा तसाच राहतो.

म्हणून प्रश्न असा की दगडातला कण त्या दाण्यापेक्षा कडक आहे का. विकर्स ह्या कडकपणाच्या दुसऱ्या मापात क्रोमियम कार्बाइड साधारण १५००च्या आसपास, बहुतेक पाण्याच्या दगडांत असतं ते ॲल्युमिनियम ऑक्साइड २०००, सिलिकॉन कार्बाइड म्हणजे आपलं कार्बोरंडम २५००, आणि व्हॅनेडियम कार्बाइड २६००च्याही पुढे. सीबीएन (क्युबिक बोरॉन नायट्राइड, हिऱ्याखालोखाल कडक कृत्रिम पदार्थ) ४५००, हिरा तर ७०००च्या वर. आकडे पाहिले की निवड बरीचशी आपोआप होते. झेडडीपी-१८९ कितीही कडक असलं, ६५-६७ रॉकवेल, तरी त्यात मुख्यतः क्रोमियमचे कार्बाइड असतात, चांगल्या ॲल्युमिनियम ऑक्साइडच्या दगडावर ते होतं, वेळ लागतो एवढंच. हॅप४० हे हायस्पीड स्टील आहे, म्हणजे तापलं तरी कडक राहणारं, व्हॅनेडियम साधारण ३ टक्के, आणि एम३९० ह्या सुऱ्यांच्या स्टीलमध्ये ४, तिथे मात्र सरळ डायमंड किंवा सीबीएन घ्यावा. वर्कशॉपमधल्या जुन्या पॉवर हॅक्सॉ ब्लेडपासून सुऱ्या बनवतात, त्यातलं ब्लेड अख्खं हायस्पीड स्टीलचं असेल तर त्यांचीही जात हीच.

जाड कणांच्या दगडावर फरक तितका जाणवत नाही, कारण जाड कण कार्बाइडला आजूबाजूच्या स्टीलसकट उचकटून काढतो. बारीक कणांच्या दगडावर, म्हणजे ३००० ग्रिटच्या पुढे (ग्रिटचा आकडा जितका मोठा तितका कण बारीक), कणाचा आकार कार्बाइडच्या जवळ येतो आणि मग मऊ कण हरतो, धार दिसायला चकचकीत आणि कापायला बोथट. माझ्या मते बारीक दगडांच्या मागे लागणं हीच सगळ्यात महाग चूक आहे. एक ४००ची डायमंड प्लेट, एक १०००ची, आणि चामड्यावर १ मायक्रॉनची डायमंड पेस्ट, घरासाठी एवढं भरपूर होतं, आणि १०००वरची किंचित दातेरी धार टोमॅटोच्या सालीत जास्त छान शिरते.

दगडाचा बाँडही, म्हणजे कणांना धरून ठेवणारा मसालाही, बघायचा. रबाळे-महापेच्या टूलरूममध्ये डी२ ह्या कडक टूल स्टीलच्या डाय ग्राइंड केलेल्या माणसाला हे वेगळं सांगावं लागत नाही, कडक जॉबला मऊ ग्रेडचं व्हील, म्हणजे बोथट कण गळून नवा कण वर येतो. दगडाचंही तेच, फार घट्ट बाँडचा दगड कडक स्टीलवर लवकर गुळगुळीत होतो, मग वरचा थर घासून त्याचं तोंड उघडावं लागतं. आता तोच टूलरूमवाला विचारेल की स्टीलला हिरा कसा चालतो, मशीनवर तर सीबीएनच लावतात. बरोबर आहे, मशीनच्या उष्णतेत हिऱ्यातला कार्बन लोखंडात विरघळतो, पण हाताने घासताना तेवढी उष्णता होतच नाही.

डायमंड प्लेटवर दाबायचं नाही. दाबलं की हिऱ्याचे कण निकेलच्या थरातून उखडतात, आणि नवी प्लेट पहिल्या काही वेळा जास्तच ओरखडे काढते, ते घासूनच कमी होतं. पाण्यात भांड्याच्या साबणाचा एक थेंब टाकला तरी चालतं.

सायकलवर चाक फिरवून धार लावणाऱ्याकडे विळी, कोयता खुशाल द्यावा, ही सुरी नको. कोरड्या चाकावर काठ तापतो आणि बऱ्याच कडक स्टीलचं पाणी, म्हणजे कडकपणा, २०० अंश सेल्सिअसच्या आसपासच उतरायला लागतं, हायस्पीड स्टील तेवढं तग धरतं. चिंबोरीची नांगी किंवा फ्रिजरमधलं गोठलेलं चिकन ह्या सुरीने तोडलं तर काठाचे टवके उडतात, तेव्हा ती ४००ची प्लेट कामाला येते.

पावसाळ्यात इकडे दगड दोन-दोन दिवस सुकत नाही. ओलाच डब्यात बंद केला तर बुरशी धरते, उन्हात किंवा गॅसजवळ ठेवला तर काही दगडांना, विशेषतः मॅग्नेशिया बाँडवाल्यांना, तडे जातात. ते भिजत घालायचेही नसतात, वरून पाणी शिंपडलं की पुरे. पंख्याखाली कडेवर उभा करून ठेवावा, आणि डायमंड प्लेट लगेच पुसून कोरडी करावी.