मिठाचा हिवाळा आणि गाडीची चकाकी

एप्रिलमधला पहिला उबदार शनिवार उजाडला की डेट्रॉइट, विंडसर, टोरांटो या उत्तर अमेरिकेतील महासरोवरांच्या परिसरातील शहरांत गाड्या धुण्याच्या केंद्रांपुढे रांगा लागतात. बर्फ वितळावा म्हणून नोव्हेंबरअखेरीपासून रस्त्यांवर टाकलेले मीठ, त्यात मिसळलेली वाळू आणि वितळत्या बर्फाचा चिखल यांची अशी करडी पुटे गाडीवर चढलेली असतात की तिचा मूळ रंग कोणता, हे शेजाऱ्यालाही सांगता येऊ नये. या भागात स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांना पहिल्याच हिवाळ्यात हा अनुभव येतो. गाडी एकदा धुऊनही निस्तेज दिसली आणि बॉनेटवरून हात फिरवल्यावर पृष्ठभाग खरखरीत लागला, की रंग खराब झाला असे समजून पॉलिशची बाटली उघडण्याची घाई होते. प्रत्यक्षात रंगाचे नुकसान दिसते त्याहून बरेच कमी असते; जे दिसते आणि हाताला लागते, त्याचा मोठा भाग रंगावर बसलेला असतो. त्यामुळे जे विरघळते ते आधी विरघळवून काढावे, जे रुतले आहे ते उचलून घ्यावे, आणि रंग घासण्याचे काम सर्वांत शेवटी व शक्य तितके थोडे करावे, हा क्रम महत्त्वाचा ठरतो. त्याची कारणे रसायनशास्त्रात आहेत आणि काही प्रकाशशास्त्रातही.

या मिठाचा उगम त्याच परिसरात आहे. डेट्रॉइट शहराखाली सुमारे ३५० मीटर खोलीवर मिठाची खाण आहे, आणि ह्यूरॉन सरोवराच्या तळाखाली गॉडरिच येथे जगातील सर्वांत मोठी भूमिगत मीठखाण आहे. सुमारे ४० कोटी वर्षांपूर्वी येथे असलेला उथळ समुद्र आटून हे थर बनले. शुद्ध पाणी ० अंश सेल्सिअसला गोठते. त्यात वजनाने सुमारे २३ टक्के मीठ विरघळले, तर ते उणे २१ अंशांपर्यंत द्रव राहू शकते. व्यवहारात मात्र उणे ९-१० अंशांच्या खाली साध्या मिठाचा प्रभाव फारच मंदावतो, म्हणून कडाक्याच्या थंडीत त्याच्या जोडीला कॅल्शियम क्लोराइड किंवा मॅग्नेशियम क्लोराइडचे द्रावण फवारले जाते. गाडीच्या दृष्टीने ही मिठवणी साध्या मिठापेक्षा अधिक चिवट असते. आपल्या स्वयंपाकघरातले मीठ पावसाळ्यात ओलसर होते, कारण हवेची सापेक्ष आर्द्रता सुमारे ७५ टक्क्यांवर गेली की ते हवेतले पाणी ओढून विरघळू लागते. मॅग्नेशियम क्लोराइडला त्यासाठी जेमतेम ३३ टक्के आर्द्रता पुरते. म्हणजे कोरड्या दिसणाऱ्या दिवशीही गाडीच्या सांधीकोपऱ्यांतला त्याचा लेप ओलाच असतो, आणि गंज चढण्यासाठी लागणारे विद्युतवाहक पाणी तेथे सतत हजर असते. याच कारणाने, मीठ लागलेली गाडी रोज रात्री उबदार गॅरेजमध्ये ठेवल्याने ती सुरक्षित राहते, हा समज चुकीचा आहे; गोठणबिंदूच्या खाली मंदावलेली गंजण्याची क्रिया ऊब मिळताच वेग घेते.

मीठ स्वतः रंगाला फारसे खात नाही, हे मात्र लक्षात घेतले पाहिजे. त्याचे भक्ष्य लोखंड आहे, आणि लोखंडापर्यंत पोहोचण्यासाठी त्याला रंगकामाचे चार थर ओलांडावे लागतात. कारखान्यात पत्र्यावर आधी फॉस्फेटची प्रक्रिया होते. मग अख्खा सांगाडा रंगाच्या हौदात बुडवून विजेच्या साहाय्याने सुमारे २० मायक्रॉन जाडीचा गंजरोधक थर चढवतात. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. त्यावर प्रायमर, त्यावर प्रत्यक्ष रंगाचा पातळ थर आणि सर्वांत वर ४० ते ५० मायक्रॉनचा पारदर्शक थर, ज्याला कारागीर क्लिअर कोट म्हणतात. विजेने रंग चढवण्याची ही पद्धत फोर्ड कंपनीने १९६० च्या दशकात प्रचारात आणली. फोर्डचे मुख्यालय असलेल्या डिअरबॉर्न गावाच्या काही भागाखालीही डेट्रॉइटची ती मीठखाण पसरलेली आहे, तेव्हा रोग आणि औषध एकाच गावचे म्हणायला हरकत नाही.

हे सगळे थर मिळून जाडी सव्वाशे मायक्रॉनच्या आसपास भरते, आणि आपण ज्याला गाडीची चकाकी म्हणतो ती त्यांतल्या सर्वांत वरच्या, माणसाच्या केसापेक्षाही पातळ असलेल्या थराची असते. त्यातच सूर्यप्रकाशातील अतिनील किरण शोषणारी द्रव्ये मिसळलेली असतात. पॉलिशच्या प्रत्येक फेरीत हाच थर थोडा थोडा निघून जातो आणि तो घरच्या घरी पुन्हा भरून येत नाही, म्हणून घाई नको.

पहिले काम धुण्याचे, आणि त्यातही स्पर्श न करता धुण्याचे. वाळलेल्या मिठाचे स्फटिक मऊ असतात, पण त्यांनी धरून ठेवलेली वाळू क्लिअर कोटपेक्षा कितीतरी कठीण असते. कोरड्या गाडीवर फडके फिरवणे म्हणजे तिच्यावर पॉलिशपेपर फिरवणेच होय. आधी खालून वर, चाकांच्या कमानींत आणि गाडीच्या पोटाखाली पाण्याचा जोरदार फवारा मारावा. मग साबणाचा फेस काही मिनिटे राहू द्यावा, म्हणजे मीठ विरघळते आणि माती सुटते. त्यानंतरच मऊ मायक्रोफायबरचा हातमोजा घेऊन, साबणाची एक आणि मोजा खळबळण्याची दुसरी अशा दोन बादल्या ठेवून, छतापासून खाली धूत यावे. भांड्यांचा साबण वापरू नये. तो मीठ काढतो, पण आधी लावलेले मेणही उतरवतो.

इतके होऊनही बॉनेट खरखरीत लागते, आणि पांढऱ्या गाडीवर तर बारीक तांबूस ठिपकेही दिसतात. हा मोटारीच्या पत्र्याचा गंज नसतो. ब्रेक लावताना बिडाच्या चकतीचे सूक्ष्म कण तापून उडतात, ओल्या रंगावर चिकटतात, मिठाच्या संगतीने तेथेच गंजतात आणि क्लिअर कोटमध्ये रुतून बसतात. त्यांच्यासाठी अमोनियम थायोग्लायकोलेट असलेला द्रव फवारतात. लोखंडाशी संयोग होताच त्याचा रंग जांभळा होतो आणि गाडीवरून जांभळे ओघळ वाहू लागतात. पहिल्यांदा पाहणाऱ्याला वाटते की आता रंगच वाहून चालला. हेच रसायन केशकर्तनालयात केस कायमचे कुरळे करण्याच्या द्रवात असते, त्यामुळे दोन्हीकडचा नाक मुरडायला लावणारा वास सारखाच असतो. हा द्रव गाडीवर सुकू देऊ नये आणि ऊन लागलेल्या तापलेल्या पत्र्यावर तर मुळीच मारू नये. यानंतरही जे उरते, म्हणजे डांबराचे बारीक शिंतोडे आणि खोल रुतलेले कण, त्यासाठी कणकेच्या गोळ्यासारखी मऊ चिकणमातीची वडी मिळते. पृष्ठभाग साबणाच्या पाण्याने ओला ठेवून ती हलक्या हाताने फिरवली, की वर आलेले कण तिच्यात अडकून निघतात. वडी जमिनीवर पडली तर ती टाकून द्यावी. तिच्यात रुतलेली वाळू परत रंगावर नेण्यात अर्थ नाही.

आता गाडी हाताला काचेसारखी गुळगुळीत लागते, आणि तरीही उन्हात पाहिले की सूर्याच्या प्रतिबिंबाभोवती कोळ्याच्या जाळ्यासारखी वर्तुळे दिसतात. ‘गोल गोल पुसल्यामुळे गोल ओरखडे पडले’ हे स्पष्टीकरण सर्वत्र ऐकू येते, पण ते बहुधा खरे नसते. बर्फ झाडण्याचे ब्रश आणि घाईने फिरवलेली फडकी यांचे ओरखडे सर्व दिशांना, अस्ताव्यस्त असतात. प्रत्येक ओरखडा म्हणजे एक बारीक चर असतो आणि तो प्रकाश आपल्या लांबीला काटकोनात असलेल्या प्रतलात विखुरतो. म्हणून असंख्य चरांपैकी प्रतिबिंबाभोवती स्पर्शरेषेसारखे आडवे असलेलेच आपल्या डोळ्यांकडे प्रकाश पाठवतात, आणि मेंदू त्यांची वर्तुळे जोडतो. डोके हलवले की वर्तुळांचा मध्य आपल्याबरोबर सरकतो, हाच त्याचा पुरावा. घरातले रोज घासले जाणारे स्टीलचे ताट उन्हात धरून पाहिल्यास हाच खेळ दिसेल.

काळ्या गाडीवर हे ओरखडे अधिक का खुपतात, याचेही उत्तर सोपे आहे. क्लिअर कोटचा अपवर्तनांक, म्हणजे त्यात शिरताना प्रकाश किती वळतो याचे माप, साधारण १.५ असतो आणि अशा पृष्ठभागावर सरळ पडणाऱ्या प्रकाशापैकी जेमतेम ४ टक्के परावर्तित होतो. काळ्या गाडीची सारी चमक एवढ्यावरच अवलंबून असते, कारण उरलेला प्रकाश खालचा रंग गिळून टाकतो. पांढऱ्या गाडीत मात्र खालचा थर भरपूर प्रकाश परत फेकतो आणि त्या उजेडात ओरखड्यांचा क्षीण प्रकाश हरवून जातो.

बाजारातली काही ‘झटपट’ पॉलिशे याच प्रकाशशास्त्राचा चतुराईने उपयोग करतात. शहाबादी फरशी ओली केली की ती गडद आणि चकचकीत दिसते, कारण तिच्या खडबडीत खाचा पाण्याने भरतात आणि विखुरणे कमी होते. तेल किंवा मेण यांचा अपवर्तनांक क्लिअर कोटच्या बराच जवळ असल्याने ते चरांत भरले की चर दिसेनासे होतात. दोन-चार धुण्यांत ते निघून जाते आणि ओरखडे जसेच्या तसे परत येतात. ही फसवणूक आहे असे मी म्हणणार नाही. दर हिवाळ्यात नव्याने ओरखडे पडणारच असतील, तर दरवर्षी थर कमी करण्यापेक्षा ते झाकणे कित्येकदा अधिक शहाणपणाचे ठरते. फक्त विकणाऱ्याने ‘ओरखडे काढतो’ असे म्हणू नये.

खरोखर काढायचेच असतील, तर ॲल्युमिनियम ऑक्साइडसारख्या कठीण द्रव्याच्या अतिसूक्ष्म कणांनी चराभोवतीचा पृष्ठभाग चराच्या तळापर्यंत खाली आणावा लागतो. हलक्या पॉलिशने एखादा मायक्रॉन निघतो, जाड दाण्याच्या कंपाउंडने चार-पाच मायक्रॉन निघू शकतात. ४० मायक्रॉनच्या थरातून दरवर्षी पाच गेले, तर काय होईल हे तिसरीतल्या मुलालाही सांगता येईल, आणि त्यातही संकट थर संपण्याच्या बरेच आधी येते: पातळ झालेला थर अतिनील किरण पुरेसे अडवत नाही, खालच्या रंगाशी त्याची पकड सुटते आणि तो उन्हाने भाजलेल्या कातडीसारखा सोलून निघू लागतो. मग पुन्हा रंगवण्यावाचून उपाय नाही. म्हणून एका कोपऱ्यात सर्वांत मऊ पॅड आणि सर्वांत सौम्य पॉलिश वापरून पाहावे, आणि त्याने काम भागले तर पुढे जाऊ नये. बॉनेटच्या कडांवर व घड्यांवर थर मुळातच पातळ असतो आणि पॉलिशच्या यंत्राचा दाब तेथेच एकवटतो, तेव्हा त्या जागा चिकटपट्टीने झाकाव्यात. ज्या ओरखड्यात नख अडकते, त्याच्या मागे लागू नये. तो पॉलिशने निघण्याइतका उथळ नसतो.

शेवटी संरक्षक लेप. ब्राझीलमधील ताडवृक्षाच्या पानांवरून मिळणारे कार्नौबा मेण ८० अंशांच्या पुढे वितळते, उत्तम चमक देते आणि काही आठवडे टिकते. सिलिकायुक्त सिरॅमिक लेप रंगाला घट्ट धरतो आणि पुष्कळ अधिक काळ टिकतो. दोन्हींमुळे पाण्याचे थेंब गोलाकार होऊन ओघळतात, मिठवणी पसरून वाळत नाही आणि पुढच्या धुण्यात घासावे कमी लागते. पण ‘ओरखडे पडतच नाहीत’ ही जाहिरात एक-दोन मायक्रॉनच्या लेपाकडून फारच मोठी अपेक्षा करते.

चकाकीचे काम येथे संपते, गंजाचे नाही. ट्रकच्या चाकाखालून उडालेल्या खडीने बॉनेटच्या पुढच्या कडेवर टाचणीच्या डोक्याएवढे टवके उडवलेले असतात, आणि थंडीत रंग ठिसूळ झाल्यामुळे ते अधिक सहज उडतात. त्यांतून पत्रा उघडा पडला असेल, तर मेण लावण्यापूर्वी, मीठ पूर्ण धुऊन व वाळवून, टचअप रंगाचा थेंब काडीने भरावा. मीठ आत ठेवून वरून रंग लावला, तर ते रंगाच्या पापुद्र्याआडूनही पाणी ओढून घेते आणि जूनपर्यंत तेथे फोड उठतो. दरवाजांच्या खालच्या कडेला पाणी निघून जाण्यासाठी छोटी भोके ठेवलेली असतात. हिवाळ्याच्या चिखलाने ती बुजतात, मिठवणी दरवाजाच्या आत साचते आणि पत्रा आतून गंजत बाहेर येतो. एक लाकडी काडी घेऊन ती भोके मोकळी करावीत आणि आतून निघणारे पाणी नितळ होईपर्यंत त्यांत पाण्याची बारीक धार सोडावी.