आम्लारीत पाणी ओतत गेलं, तर सामू कुठे थांबतो?

सामू (pH) म्हणजे द्रावण किती आम्लधर्मी किंवा आम्लारीधर्मी (अल्कली) आहे ते सांगणारा अंक; सात म्हणजे उदासीन, वर आम्लारी, खाली आम्ल. सोडियम हायड्रॉक्साइड या आम्लारीच्या ०.१ मोलर (लिटरमागे ०.१ मोल) द्रावणाचा सामू साधारण १३. पाणी घालून ते दहापट विरल केलं की १२, आणखी दहापट केलं की ११. ही उतरण सातच्या जवळ येऊन थबकते. ती का थबकते, याचं उत्तर मिळायला विसाव्या शतकाचा उंबरठा उजाडावा लागला.

आम्लारी ओळखण्याची युक्ती मात्र जुनी आहे. १६६४ मध्ये रॉबर्ट बॉइलने व्हायोलेट फुलांचं सरबत आम्लाने तांबडं आणि आम्लारीने हिरवं होतं, असं नोंदवलं. पुढे अनुमापनाची पद्धत आली आणि द्रावण उदासीन करायला किती आम्ल लागतं, हे मोजता येऊ लागलं. पण या मापाला विरलीकरण दिसतच नाही. ग्लासभर द्रावण बादलीभर पाण्यात ओतलं, तरी ते सगळं उदासीन करायला आम्ल तेवढंच लागतं. एकूण आम्लारी किती आणि तिची तीव्रता किती, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. मला या इतिहासातला सगळ्यात मोलाचा धडा हाच वाटतो, कारण आजही अनेकांची गफलत नेमकी इथेच होते.

तीव्रतेकडे जाणारी वाट स्वांते आर्हेनियसने मोकळी केली. पाण्यात विरघळलेल्या आम्लारीचे आयन, म्हणजे विद्युतभारित कण, सुटे होतात, हा त्याचा सिद्धान्त १८८७ मध्ये पूर्ण रूपात पुढे आला. लगेच १८८८ मध्ये विल्हेल्म ओस्टवाल्डने विरलीकरणाचा नियम मांडला: सौम्य, म्हणजे पाण्यात अंशतःच आयनांत फुटणारा, पदार्थ जितका विरल, तितका त्याच्या रेणूंचा मोठा हिस्सा आयनांत फुटतो. म्हणूनच अमोनियाचं ०.१ मोलर द्रावण दहापट विरल केलं, तर सामू ११.१ वरून १०.६ पर्यंतच येतो. पूर्ण एक अंक नाही, जेमतेम अर्धा. पाणी वाढतं तसे न फुटलेले रेणू फुटून घट थोडी भरून काढतात.

राहिला प्रश्न तळाचा. १८९४ मध्ये कोलराउश आणि हायडवायलर यांनी पाणी कमालीचं शुद्ध केलं, तरी ते किंचित वीज वाहून नेतच होतं. म्हणजे पाण्याचे स्वतःचेही आयन असतात. २५ अंश सेल्सिअसला हायड्रोजन आणि हायड्रॉक्साइड आयनांच्या संहतींचा (लिटरमागे किती मोल, त्यांचा) गुणाकार सुमारे १०⁻¹⁴ भरतो; शुद्ध पाण्यात दोन्ही सारखे, म्हणजे प्रत्येकी १०⁻⁷, आणि सातचा तळ यातूनच आला. १०⁻⁸ मोलर सोडियम हायड्रॉक्साइडचा सामू नुसत्या वजाबाकीने (१४ − ८) ६ येतो, म्हणजे आम्लारी आम्लधर्मी ठरते! पाण्याचे आयन हिशेबात धरले की खरं उत्तर मिळतं, सुमारे ७.०२.

१९०९ मध्ये कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत विकरांवर (एन्झाइमांवर) काम करताना सोरेन्सनने हायड्रोजन आयनांची संहती लॉगॅरिदमने मांडली, आणि दहापट विरलीकरण म्हणजे एका अंकाचा फरक हे गणित सुटसुटीत झालं.

तरीही उघड्या भांड्यातलं फार विरल द्रावण मोजलं, तर सामू सातच्याही खाली सापडू शकतो. त्याचं मूळ जोसेफ ब्लॅकच्या १७५६ च्या कामात आहे. दाहक आम्लारी ‘स्थिर वायू’, म्हणजे कार्बन डायऑक्साइड, शोषून सौम्य होते, हे त्याने दाखवलं होतं. हाच वायू हवेतून विरघळला, की साध्या शुद्ध पाण्याचा सामूही ५.६ च्या आसपास उतरतो. त्यामुळे असं मोजमाप करायचं असेल, तर पाणी आधी उकळून बंद भांड्यात थंड करून घ्यावं.